कपाटात नसलेली बंदूक

शिरगावात आमच्या शेजारी चिकूची वाडी असलेले एक काका राहतात. ते प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतात, एकदा समोरच्याला आणि एकदा स्वतःला. वाडीत रानडुकरं शिरली की हवेत बार काढायला त्यांच्याकडे परवान्याची बंदूक असते.

परवा सकाळी ते दारात आले. "मास्तर, कपाटात बंदूक नाय. बंदूक नाय." आवाज नेहमीसारखाच होता, पण सदऱ्याची बटणं चुकीच्या काजात गेली होती.

मी स्कूटरची किल्ली घेतली. "चला, पोलीस ठाण्यात कळवू."

"आदी भावाकडं. सगळी धड हायेत का बगतो. बगतो."

बांधाच्या भांडणावरून धाकट्या भावाशी त्यांचं सात वर्षं बोलणं नव्हतं. काकांचा तापट पोरगा तर त्या घराचं नाव निघालं तरी पेटायचा. काका त्याच्या ओटीवर जाऊन बसले. भाऊ बाहेर आला, त्याची बायको आली, दोन्ही मुली आल्या. काकांनी प्रत्येकाकडे नीट पाहिलं, पाणी मागून प्यायले आणि उठले.

ठाण्यात हवालदारांनी रजिस्टर उघडलं आणि हसायलाच लागले. निवडणुकीआधी सगळ्या परवानेवाल्यांनी बंदुका जमा केल्या होत्या, तशी काकांनीही केली होती. निवडणूक होऊन गेली, ते परत न्यायला विसरले.

"न्या आता, काका."

"रावू दे हितंच. रावू दे." त्यांनी तसा अर्जही लिहून दिला.

परतताना ते स्कूटरवर मागून म्हणाले, "हरवली तेवा चोर नाय आठवला, मास्तर. माझा पोरगा आठवला."

हे मात्र त्यांनी एकदाच म्हटलं.