भजनी पेटीतली तीन चाकं

भजनी मंडळाच्या मोडक्या पेटीला घाबरलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. पाहून घ्या, तो मी. आता पंगतीत ही गोष्ट सांगताना मी फौजदाराचा आवाज काढतो, दाजींसारखा सावधान उभा राहतो, आईसारखी चिंच चोळून दाखवतो आणि लोक पत्रावळीवर हसून लोळतात. त्या सकाळी मात्र आमच्या सोप्यात कुणीही हसत नव्हतं.

आणीबाणीचं पहिलं वर्ष. उंब्रजमध्ये माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सांगलीला कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मित्राला रद्दीत एक इंग्रजी मासिक सापडलं आणि त्यात महायुद्धातल्या एका जर्मन यंत्राचं चित्र. बटण दाबलं की तारा बसवलेल्या तीन चाकांमधून वीज फिरायची आणि भलत्याच अक्षराखाली दिवा पेटायचा. दर दाबाला चाक एक घर सरकायचं, म्हणून तेच बटण पुन्हा दाबलं तर आणखी तिसरंच अक्षर. चाकं पुन्हा पहिल्या जागी लावून ती भलती अक्षरं दाबली, की मूळ मजकूर परत हजर. आम्ही दोघं येडे झालो. एक यंत्र त्यानं सांगलीत करायचं, एक मी इथं.

मराठी मुळाक्षरं काना-मात्रांसकट घ्यायची तर चाक बैलगाडीचंच लागलं असतं, म्हणून मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहायचं ठरलं. भातुकलीची खेळणी करणाऱ्या कातारी माणसाकडून बिनपायांचे छोटे पोळपाट कातून घेतले, दोघांसाठी सारखेच. त्यांत पितळी खिळे ठोकले. भजनी मंडळानं टाकून दिलेल्या पेटीत ती चाकं बसवली, बटणं म्हणून तिच्याच पट्ट्या आणि वर बॅटरीचे बल्ब.

तेवढ्यात दसऱ्यासाठी दाजी रजेवर आले. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, फौजेत सिग्नलमध्ये हवालदार. पेटी उघडून दाखवली तशी ते मागं सरले.

"पावनं, ह्ये भाईर कळलं तर तुमाला कोन इचारनार न्हाई. मला धरतील. फौजेतली इद्या घरी आनून इकली म्हनतील. पेन्शन तर जाईलच, वर कोर्ट मार्शल."

"दाजी, तुमी नुसतं बगा. हात लावू नका."

ते बसले बघत. थोड्या वेळानं माझ्या हातातलं सोल्डरिंग ओढून घेत म्हणाले, "डाग असा देत्यात व्हय? सरका तिकडं."

अशा रीतीनं फौज सामील झाली.

पेटीचे दिवे पेटले त्या दिवशी मी एक मजकूर तिच्यात घातला, निघालेली अक्षरं कागदावर घेतली आणि पोस्टात जाऊन सांगलीला ट्रंक कॉल लावला. लाइनीत इतकी खरखर, की बोंब मारल्याशिवाय पलीकडं काही पोचेना.

"झेड! झाडाचा झेड! आता क्यू! क्यू रं गड्या, शेपटीवाला!"

पोस्टातली रांग वळून माझ्याकडं बघायला लागली. ज्या दिवसांत माणसं उसाच्या भावाबद्दलसुद्धा आवाज खाली करून बोलत होती, त्या दिवसांत मी सरकारी टेलिफोनवरून सांगलीला सांकेतिक संदेश ओरडत होतो आणि मधे कुणीतरी तो व्यवस्थित उतरवून घेत होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळीच दारात जीप थांबली. जीपला झेंडूची माळ. फौजदार आत आले, मागोमाग एक शिपाई. फौजदारांनी खिशातून कागद काढला.

"ही अक्षरं तुझीच न्हवं? काय अर्थ हाय ह्याचा?"

"गंमत हाय साहेब. यंत्र केलंय."

फौजदारांनी दाजींकडं पाहिलं. लष्करी केस, लष्करी बूट. "आन् हे?"

"सिग्नल, साहेब," दाजी म्हणाले आणि सवयीनं सावधान झाले.

"अस्सं. मग माझ्यासमोर ह्या पेटीतनं ह्याचं मराठी करून दाव. झालं तर गंमत. न्हाई झालं तर दोघं बी साताऱ्याला, आन् ह्यांच्या पलटणीला तार."

आता मजकूर काय होता ते सांगतो. गेल्या जत्रेला मित्राची आणि माझी ज्यावरून पैज लागली होती, तेच वाक्य मी मोठ्या खुशीत पाठवलं होतं: 'फौजदाराची मिशी रंगवलेली आहे.'

पेटी चालली नाही तर दोघं तुरुंगात. चालली तर मी एकटा.

चाकं जागेवर लावली. सिद्धनाथाचं नाव घेतलं, पण नेमकं काय मागावं ते सुचेना. पट्टी दाबली. दिवा नाही. दुसरी दाबली. काही नाही.

"आत्ताच बंद पडली?" फौजदार म्हणाले.

दाजींनी पेटी उघडली. प्रत्येक पितळी खिळ्यावर हळदीकुंकवाचा ओला ठिपका आणि चाकांच्या फटीत झेंडू.

"आई!"

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काय रं? आज खंडेनवमी न्हाई व्हय? सगळी हत्यारं पुजली. ह्येचा येक बी खिळा सोडला न्हाई बग."

मी फौजदारांकडं पाहिलं. त्यांच्या कमरेच्या पिस्तुलाच्या कातडी पिशवीवर ताजं कुंकू होतं. शिपायाच्या काठीवरही.

"धुवा," ते म्हणाले.

आईनं भांड्यांसारखीच चिंच लावून खिळे घासले. चाकं अंगणात उन्हात ठेवली. तेवढ्यात फौजदारांना चहा दिला.

वाळलेली चाकं बसवली. पट्टी दाबली. दिवा लागला.

"एफ," शिपायानं लिहून घेतलं.

दाजींनी श्वास सोडला. माझा अडकला. "ए... यू... जे..." दिव्यागणिक दाजींची मान वर येत होती आणि माझी खाली जात होती. शेवटचा दिवा विझला तेव्हा शिपाई ओठ दाबून भिंतीकडं बघत होता.

"वाच."

"साहेब... तुमीच वाचा."

फौजदारांनी वाचलं. हात आपोआप मिशीवर गेला.

"फौजी," ते दाजींना म्हणाले, "पलटणीत असलंच यंत्र असतं?"

"साहेब, असलं असतं तर परत्येक खंडेनवमीला सरहद्द बंद पडली असती."

फौजदारांनी कागद पुन्हा वाचला. "रिपोर्ट लिहायचा म्हंजे त्यात मजकूर लिहावा लागणार. आन् साताऱ्याला मोठ्या साहेबांपुढं उभं राहून मीच तो वाचायचा." त्यांनी कागदाचे बारीक तुकडे करून चहाच्या कपात टाकले. मग पेटीतलं मधलं चाक काढून खिशात घातलं. जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "रंग न्हाई. मेंदी हाय."

दाजी अंगणातच मटकन बसले.

रजा संपली तेव्हा त्यांना एस्टीवर पोचवायला गेलो. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नव्हते. गाडी सुटली तशी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "पुढल्या रजेला त्या पेटीतनं भजनच ऐकू आलं पायजे!"

मी मोठ्यानं व्हय म्हणालो. सकाळीच कातारी म्हणाला होता, मधलं चाक परवापर्यंत देतो.