तहानलेलं गलबत

माझा भाऊ कमलाकांत मालक होता. मालक म्हणजे फार काही मनात आणू नका, एका गलबताचा मालक. आमच्या बापाने, धर्माजीने, सागाच्या फळ्यांचं ते बांधून घेतलं होतं. मी चार वर्षांची असताना आई गेली, म्हणून गलबताला तिचंच नाव दिलं, बायडी. मीठ, कौलं, गवत, जे मिळेल ते एडवणच्या खाडीत भरायचं आणि शिडावर मुंबईला पोचवायचं, हा आमचा धंदा. बाप गेल्यावर गलबत दादाकडे आलं आणि त्याच्या अंगात शेठ संचारला. रोज धुतलेलं धोतर काय, बंदरावर छत्री उघडून उभं राहणं काय! मी म्हणायची, "शेठ, छत्री गलबतावर धरा. तुमच्यापेक्षा ते गोरं हाय." तो हसायचा. माझ्या बोलण्याचा त्याला कधी राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

गलबत हाकायचा माझा नवरा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण आता कुणाला राग येणार आहे? नामदेव. तो तांडेल होता, समुद्रात त्याचा शब्द शेवटचा. आमच्यात रीत अशी की मालक आणि तांडेल मेहुणे-मेहुणे असले तर दोघांनी एका फेरीला जायचं नाही. एका बाईचा भाऊ आणि नवरा एकाच लाकडावर नकोत. आणखी एक रीत होती. मालकाच्या बहिणीने नाळेवर, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकावर, हळदीकुंकवाचा हात ठेवून "जाऊन ये" म्हटल्याशिवाय गलबत सुटत नसे. मला त्याचा काय तोरा होता म्हणून सांगू! घरात कुणाशी वाजलं की मी म्हणायची, "उद्या हातच नाय ठेवत, बसा सगळी खाडीत."

मग बोईसरला कारखाने आले. ट्रक थेट मिठागराच्या बांधापर्यंत यायला लागले, आणि चार दिवस वाऱ्याची वाट बघणाऱ्या गलबताला कोण विचारतो? एकेकाने आपापली गलबतं मोडून जळणाला विकली. दादाला कुणी तसं सुचवलं की तो एवढंच म्हणायचा, "आपल्या आयला कोन चुलीत घालतं?" सलग दोन हंगाम माल मिळाला नाही. त्याने बायडीला किनाऱ्यावर ओढून घेतलं, वर झावळ्यांचं छप्पर घातलं, आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने तिला तेल चोळायला बसायचा. बाळंतिणीलासुद्धा कुणी इतकं चोळत नाही. माझी भावजय प्रेमला एकदा वैतागून म्हणाली, "मला डोक्याला लावाया तेल नाय, आन् लाकूड बघा कसं चमकतंय." नामदेवला कारखान्यात नोकरी मिळत होती. तो गेला नाही. म्हणाला, "दादाचं गलबत एकदा पान्यात जाऊंदे, मंग बगू."

ब्याऐंशी सालच्या माघात ट्रकवाल्यांचा संप झाला. मिठागरावर मिठाच्या राशी पडून राहिल्या. व्यापारी धावत दादाकडे आला. चौथ्या दिवशी मीठ मुंबईला पोचलं तर पुढचा सगळा हंगाम तुमचाच, म्हणाला. दादा लहान मुलासारखा रडला. बायडी वाचली होती.

पण गलबत उन्हात राहिलं की फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडे पडतात. म्हणून माल भरायच्या आधी ते आठ दिवस भरती-ओहोटीत नुसतं उभं ठेवतात. त्याला आम्ही पाणी पाजणं म्हणतो. पाणी प्यायल्या की फळ्या फुगतात, सांधे आपोआप मिटतात. आमचा बाप म्हणायचा, तहानलेल्या गलबतावर पाय ठेवू नये. दादाला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण त्याला वाटलं, दोन वर्षं मी तेल पाजलंय, माझ्या बायडीला कसली तहान? त्याच तेलाने लाकडाला पाण्याची वाट बंद केली होती. दोन दिवस बायडी खाडीत उभी राहिली, तरी एक फळी फुगली नाही.

नामदेव तळात उतरून बघून आला. म्हणाला, "मालक, ही प्यायली नाय. आठ दिवस द्या."

"आठ दिसांनी संप मिटंल भावोजी. मंग तिला मोडूनच टाकू, नाय का?"

घरी येऊन नामदेव माझ्यापुढे बसला. "दादाला मी नाय म्हनू शकत नाय. त्याच्या डोळ्यांकडं बगवत नाय. तू उद्या हात ठेवू नको. तू हात नाय ठेवलास तर गलबत हलनार नाय, आन् कुनाचा अपमान बी नाय." मी म्हटलं, बरं.

सकाळी सगळं गाव बंदरावर. बायडी मिठाच्या भाराने पाण्यात खोल बसली होती. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढे गेले. दादाने नवं धोतर नेसलं होतं, छत्री मात्र विसरला होता. तो नुसता बघत राहिला. आणि नाळेवर माझ्या आईचं नाव, नव्या रंगाने लिहिलेलं. तिकडे नामदेव मान हलवून नको नको म्हणत होता. मला वाटलं, कितीदा तर जाऊन आलाय हा, एकदा थोडं पाणी उपसावं लागेल, त्यात काय मोठंसं? मी हात ठेवला. "जाऊन ये," म्हटलं. नामदेवने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि शिडाला हात घातला.

अर्नाळ्याच्या पुढे दुपारी सांधे सुटले. खलाशी दोघंच होते. त्यातल्या चिंतूने नंतर सांगितलं, तांडेलाने आम्हा दोघांना फळी दिली आणि स्वतः पाणी उपसत राहिला. मासेमारांनी त्या दोघांना काढलं. नामदेव मिळाला नाही. तीन दिवस मी किनाऱ्यावर बसून होते, बाई, पण नाहीच मिळाला.

चौथ्या दिवशी दादा माझ्या दारात आला. सगळ्या गावासमोर मी त्याच्यावर धावून गेले. "लाकडासाठी माझा धनी खाल्लास, मुडद्या! तोंड बगनार नाय तुझं!" त्याने फक्त खाली मान घातली. तेव्हापासून गावानेही त्याला वाळीत टाकल्यासारखंच केलं. शेठ म्हणणारे त्याच्या वाऱ्याला उभे राहीनात. पुढे तो दुसऱ्याच्या वाडीत पानवेलींना पाणी घालायला जायला लागला.

दर नारळी पौर्णिमेला तो यायचा. माझ्या ओट्यावर नारळ ठेवायचा, मनगट मांडीवर ठेवून तासभर बसायचा आणि उठून जायचा. मी आतून कडी लावून बसायची. माझा पीळ काही जाईना. अशी अकरा वर्षं. बाराव्या वर्षी ओटा रिकामाच राहिला. संध्याकाळपर्यंत वाट बघितली आणि मग राखी पदरात बांधून धावत निघाले. अंगणात माणसं जमली होती. मी त्याच्या थंड मनगटाला राखी बांधली. गाठ नीट बसेना.

तेराव्याला प्रेमलावहिनी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मंगलाबाय, तुमी बोलल्या ते वावगं नाय. त्यांनी मला सगळं सांगितलेलं. त्या दिशी तुमी मागं सरत होत्या, त्यांनीच तुमचा हात धरून नाळेवर ठेवला. मरायच्या आदल्या दिशीपन तेच म्हनत होते. मंगलेचा काय दोष नाय, मीच तिचा हात धरला."

माझं हे तोंड, ज्याने अख्ख्या गावाला पाणी पाजलं, ते त्या दिवशी उघडलं नाही. वहिनीला अजूनही तेच खरं वाटतं.

त्याने माझा हात धरला नव्हता हो. तो चार पावलं लांब उभा होता. हात मीच ठेवला.