आठवी जागा

सामना संपला की सगळे जिंकणाऱ्यांकडे धावतात. परबमामा उलट्या बाजूला जात. गुणलेखकाच्या टेबलावरची पेनं शर्टाच्या खिशात खोचायची आणि हरलेल्या संघाच्या बाकावर जाऊन बसायचं, शेवटच्या खेळाडूच्या बुटांच्या नाड्या सुटेपर्यंत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, शेजारी बसलेलं. आम्ही लालबागच्या पोरी छत्तीस गुणांनी हरलो होतो आणि रडून माझं नाक लाल झालं होतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हरणां वायट नाय गो. मॅचच मिळूक नाय, तां वायट." मला रागच आला. छत्तीस गुणांनी हरलेल्या मुलीला हे ऐकायचं नसतं.

मामा माझगावच्या गोदीत फिटर होते. नोकरी दिवसाची, बास्केटबॉल संध्याकाळचा. चाळीस वर्षं मैदानाच्या कडेला टेबल टाकून त्यांनी प्रत्येक बास्केट आपल्या बारीक, उभ्या अक्षरात लिहिलं आणि त्यांचं एकही चुकलं नाही, ही गोष्ट हरलेले संघसुद्धा मान्य करत. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की म्हणत, "तारीख जुळली नाय." परळच्या चाळीत त्यांची खोली होती. मजल्यावरची बिऱ्हाडं एकेक करून डोंबिवली-विरारला गेलेली. तीन दारं उघडी, बाकीच्यांना कुलपं. त्यांच्याकडे गेलं की इकडच्या तिकडच्या गप्पा व्हायच्या, आणि आपण निघायला उठलो की ते म्हणायचे, "थांब, च्या ठेवतंय." आधी कधीच ठेवायचे नाहीत. आपण उठलो की ठेवायचे. ही युक्ती मला कळायला फार वर्षं लागली.

मी लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागले, तेव्हा तिथे व्यावसायिक बास्केटबॉलची नवी लीग उभी राहत होती. सात शहरं, सात संघ, सात मालक. लोगो तयार होता, गाणं तयार होतं, कोणत्या रंगाच्या खुर्च्या लावायच्या यावर दोन बैठका झाल्या होत्या. कोण कोणाशी कधी खेळणार, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं. मी मामांचं नाव सुचवलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, छातीशी फाइल धरून आले. आमचे साहेब, वयाने तिशीतले आणि बोलायला गोड, त्यांना "अंकल" म्हणाले. मामांनी ते चालवून घेतलं.

लीगचा सगळा सांगाडा त्यांनी आपल्या खोलीत, फरशीवर बसून मांडला. सात वाट्या आणि एक पेला, गोल करून. पेला जागचा हलायचा नाही, वाट्या दर आठवड्याला एकेक घर पुढे सरकायच्या. ज्या दोन वाट्या समोरासमोर येतील त्यांचा सामना, आणि जी पेल्यासमोर येईल तिला त्या आठवड्यात विश्रांती, म्हणजे बाय. प्रत्येक संघाने प्रत्येकाच्या गावी जाऊन खेळायचं. खेळाडू निवडताना पहिल्या फेरीत जो शेवटी निवडेल, त्याला दुसऱ्या फेरीत पहिला मान. मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसायचे आणि ते सांगतील ते टाईप करायचे. पहिलं वेळापत्रक ऑफिसात गेलं तेव्हा जाहिरात विभागातली एक मुलगी धावत आली, सगळ्यांचे लोगो मिळाले पण ‘बाय’ टीमचा अजून आला नाही म्हणून. मामांनी तिला समजावलं, "अगो बाय, बाय म्हणजे टीम नाय. सुट्टी." मग बसल्या बसल्या इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पण त्यांचा जीव होता लीगच्या नियमांतल्या कलम चौदामध्ये. आठवी, म्हणजे पेल्याची जागा कायमची रिकामी ठेवायची नाही, असं त्यात होतं. पहिल्या वर्षी तिथे बाय. दुसऱ्या वर्षापासून गल्लीमोहल्ल्यातल्या क्लबांची स्पर्धा घ्यायची आणि जो क्लब जिंकेल त्याला वर्षभर त्या जागेवर खेळवायचं. मालक नाही, लोगो नाही, फक्त खेळून आलेला संघ. हे कलम त्यांनी मला चार वेळा वाचून दाखवायला लावलं. साहेबांनी मान डोलावली तशी मामा बसने वडाळ्याच्या रेल्वे कॉलनीत गेले, वरळीच्या बीडीडीत गेले, माझगावच्या चर्चमागच्या कोर्टावर गेले आणि सगळीकडे सांगून आले की पुढच्या वर्षी तयारीत राहा. वडाळ्याच्या पोरांनी सकाळचा सराव सुरू केला, असं त्यांनी मला फोन करून कळवलं.

मग मालकांची बैठक झाली. खालून कोणीतरी येणार आणि आपल्याला हरवून जाणार, हे त्यांना पसंत पडलं नाही. साहेबांनी मला बोलावून गोडच शब्दांत सांगितलं की चौदा काढून टाक. मी जागेवर आले आणि काढून टाकलं. पुढच्या कलमांचे आकडे आपोआप एकेक घर वर सरकले. चहा निवायच्या आत काम झालं. मामांना सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत मी नियमांचं पुस्तक छापून येईपर्यंत थांबले.

पुस्तक द्यायला मीच गेले. त्यांनी पहिल्यापासून पानं उलटली नाहीत, थेट चौदावर गेले. तिथे संघांच्या शुभंकरांबद्दल होतं: वाघ, हत्ती, पोशाख कोणता. त्यांनी ते पूर्ण वाचलं. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, नोकरी, साहेबांचा हुकूम, माझ्या हातात काय होतं. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"टाईप तूच केलंस?"

"हो."

"चांगला केलंस. एकय चूक नाय."

मी उठले. ते बसूनच राहिले. चहाचं काही बोलले नाहीत.

त्यानंतर मामा कुठल्याच मैदानावर दिसेनासे झाले. लीगच्या पहिल्या सामन्याचा पास मी कुरियरने पाठवला, त्यांची खुर्ची रिकामी राहिली. माझ्यावर रुसलेत, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं, त्यांच्यासमोर उभं राहावं लागत नव्हतं. वर्षभर मी त्या चाळीचा जिना चढले नाही. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी मैदानावर जाणारा माणूस त्या कुलपांच्या मजल्यावर संध्याकाळ कशी काढत असेल, हा विचार मी येऊ दिला नाही.

ते गेल्याचं शेजारच्या काकूंनी कळवलं. सकाळी पोचले तर जेमतेम आठदहा माणसं होती. दाराशी अँथनी उभा होता, माझगावच्या क्लबचा कोच, डोळे लाल झालेले. मला बाजूला घेऊन म्हणाला की मामा गेल्या वर्षी सगळ्या क्लबांत स्वतः जाऊन आले होते, फक्त एवढं सांगायला, की आठव्या जागेचं कलम लिहायचं त्यांच्याकडूनच राहून गेलं.

"मी लय बोललो गं त्याला. पोरांसमोर बोललो. खाली मान घालून ऐकत होता. नंतर आलाच नाही कधी." मग त्याने मला विचारलं, "तू तर ऑफिसात होतीस. खरंच विसरला काय मामा?"

आत त्यांना आंघोळ घालत होते. बादलीचा आवाज येत होता. खरं सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं.

"वय झालं होतं त्यांचं," मी म्हणाले.