सोफा राँग साइडने आला

‘रिफ्रेश’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ मी वर्षानुवर्षे फळ्यावर ‘ताजेतवाने करणे’ असा लिहीत आले. उदाहरण ठरलेलं होतं: थंड पाण्याने प्रवाशाला ताजेतवाने केले. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षा संपली की प्रवाशाला तिथेच सोडून द्यायची. त्या शब्दाच्या अंगात किती दम आहे, ते मला निवृत्तीनंतर समोरच्या फ्लॅटमधल्या सूनबाईने शिकवलं. तिचे सासरे तिला सूनबाई म्हणतात, म्हणून मजल्यावर आम्ही सगळेच म्हणतो.

सूनबाई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. सकाळी संगणक सुरू केला की आधी माउसचं उजवं बटण दाबून तीन-चारदा रिफ्रेश. त्याने काय होतं, असं मी एकदा विचारलं.

“काही होत नाही हो बाई. पण केल्याशिवाय कामाला हात लावावासा वाटत नाही.”

चेहरा रिफ्रेश करायला ती साबण वापरते आणि नवऱ्याची स्मरणशक्ती रिफ्रेश करायला आवाज. “लग्नाआधी काय काय कबूल केलं होतंत, करू का मेमरी रिफ्रेश?” एवढं म्हटलं, की गोदामात कारकुनी करणारा तो गरीब जीव मुकाट्याने पिशवी घेऊन भाजीला निघतो. इथवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण दर महिन्या-दोन महिन्यांनी ती घरच रिफ्रेश करायला घ्यायची.

यात नवीन काही आणायचं नसतं. आहे तेच हलवायचं असतं. सोफा खिडकीपाशी, कपाट सोफ्याच्या जागी, टीपॉय जिथे कुणालाच नको तिथे. खर्च शून्य, फक्त एक नवरा लागतो. त्याच्या कमरेला पट्टा लागला त्या दिवशीही ती म्हणाली, “बघा, घर कसं मोकळं वाटतंय!” नवरा आडवा पडलेला, त्याला फक्त छत दिसत होतं. छत हलवायचं तिच्या अजून मनात आलं नव्हतं.

त्या घरात तिसरे म्हणजे सासरे. उभा जन्म मालट्रक चालवला, म्हणून सगळ्यांचे उस्ताद. रोज संध्याकाळी एकटे जिना उतरून कोपऱ्यावरच्या गॅरेजात जायचं आणि जुन्या दोस्तांबरोबर दुसऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवायची, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग.

उस्तादांना दिसेनासं होत चाललं होतं. ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. एका सकाळी माझ्या दाराबाहेर वाळत घातलेल्या रेनकोटला त्यांनी विचारलं, “काय बाई, बरं आहे ना?” रेनकोट बोलेना, म्हणून मागून मीच उत्तर दिलं. ते दचकले. मग कठडा धरून हळूच म्हणाले, “घरात बोलू नका. माझ्या एका जोडीदाराचं असंच झालं. पोरांची माया फार! ‘पडाल, पडाल’ म्हणत खुर्चीत बसवला आणि जिना बंद केला. खुर्चीतच संपला बिचारा. माझं गॅरेज सुटलं, की माझंही तेच.”

“अहो, डॉक्टरला तरी दाखवा.”

“ड्रायव्हरचे डोळे कशाला तपासतात, ठाऊक आहे मला. लायसन काढून घ्यायला.”

तर उस्ताद घरात हाताने चालायचे. सोफ्याची पाठ, मग टीपॉयची कड, मग दाराची चौकट. आणि सूनबाई रस्ताच बदलून टाकायची! धडकले, की ते म्हणायचे, “हा सोफा राँग साइडने आला.” कपाटाला डोकं आपटलं, तर “इंडिकेटर न देता वळलं.” सूनबाई कौतुकाने मला सांगायची, “बाबांचा स्वभाव किती विनोदी आहे ना!” त्या विनोदांची किंमत त्यांचे गुडघे मोजत होते.

एका रविवारी असंच घर ताजं झालं. प्रत्येक वेळी एक प्रेक्षक लागतो, म्हणून चहाला मला बोलावणं.

“कसं वाटतंय, बाई?”

“मागच्यासारखंच, फक्त उलटं.”

तेवढ्यात उस्तादांनी चहा संपवून कप टीपॉयवर ठेवला. टीपॉय तिथे नव्हता.

“हॉर्नसुद्धा न देता जागा सोडली बघ,” उस्ताद म्हणाले. नवरा हसला. सूनबाईही हसत हसत केरसुणी घेऊन आली आणि थबकली. उस्ताद वाकून तुकडे गोळा करत होते. कपाचा कान असलेला मोठा तुकडा त्यांच्या अंगठ्याजवळ पडला होता आणि बोटं भलतीकडेच फरशी चाचपत होती. तिचं हसू गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या कपात पाहिलं.

“राहू द्या बाबा, मी भरते,” म्हणत तिने त्यांचा हात हलकेच उचलला.

दुसऱ्या दिवशी तिने मला जिन्यात गाठलं. “तुम्हाला माहीत होतं ना?”

“हो.” मग जोडीदाराची, खुर्चीची, गॅरेजची सगळी हकिगत तिला सांगितली. “तुला कळलं असतं, तर तू जिना बंद केला असतास.”

“केला असता,” ती म्हणाली.

संध्याकाळी समोर पुन्हा घरघर सुरू झाली. ती लग्न होऊन आली तेव्हा जे सामान जिथे होतं, तिथे ते परत चाललं होतं.

“अगं, कालच तर...” नवरा कळवळला.

“जुनी मांडणी फॅशनमध्ये आली आहे.”

“एका रात्रीत?”

“फॅशन अशीच येते. उचला.”

मग ती उस्तादांकडे वळली. “बाबा, आमच्या दवाखान्याच्या वरच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत. चला, डोळे जरा रिफ्रेश करून आणू.”

“म्हणजे काय करतात?”

“काही नाही हो. आहे तेच जरा नीट लावतात.”

“आणि लायसन?”

“ते संपून जमाना झाला. आता काढून घ्यायला उरलंय काय?”

उस्तादांनी सोफ्याची पाठ चाचपून पाहिली. “आणि गॅरेज?”

“गॅरेज चालू. जिना संपेपर्यंत मी सोबत येईन, पुढे तुमचे तुम्ही.”

निघाला मोतीबिंदू, चांगला पिकलेला. ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर उस्ताद घरी आले आणि दारातच उभे राहिले. समोरची भिंत सूनबाईने गेल्या वर्षी नारिंगी रंगाने रिफ्रेश केली होती.

“सूनबाई, ही भिंत अशीच आहे, की डॉक्टरीणबाईंचं काही चुकलंय?”

नवरा इतका हसला, की पट्ट्यावर हात ठेवावा लागला. सूनबाईने ते मनावर घेतलं नाही. इतके दिवस हात बांधून बसली होती बिचारी.

“बाबा, आता तेवढा सोफा हलवू का?”

उस्तादांनी चपला पायांत सरकवल्या. “हलव. आता समोरून येणारं दिसतं.”

नवरा खाली बसला. उस्ताद जिन्याकडे निघाले. माझ्या दाराबाहेर रेनकोट वाळत होता. त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.