व्याहीणबाईंना दिलेला होकार

क्रोएशियन भाषेत मला फक्त भविष्यकाळ येतो. वर्तमान येत नाही, भूतकाळही येत नाही. 'मी जेवतो' म्हणता येत नाही, 'मी जेवलो' म्हणता येत नाही. 'मी जेवीन' मात्र झोपेतसुद्धा म्हणेन.

याचं कारण माझी बायको. मुलीने झाग्रेबमध्ये तिथल्याच मुलाशी लग्न केलं. दिवाळीनंतर तिचं बाळंतपण होतं आणि हिने तिकडे जायचं ठरवलं होतं. व्याहीणबाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून ही रोज संध्याकाळी ओट्याशी उभी राहून फोनवर क्रोएशियनचे धडे गिरवायची. उन्हाळ्यात ती गेली. तेरवी झाली, पाहुणे पांगले, तरी तिचा फोन रोज सात वाजता वाजायचा : आजचा अभ्यास राहिला आहे. तो आवाज थांबवायला म्हणून मी धडा उघडला. ती जिथे थांबली होती तिथेच तो उघडला, भविष्यकाळावर. मागच्या धड्यांकडे कसं जायचं हे मला कळेना. मग पुढे निघालो.

या भाषेचा भविष्यकाळ एका एवढ्याशा शब्दावर चालतो. मी असेन तर 'चु', तू असशील तर 'चेश', तो असेल तर 'चे', आम्ही 'चेमो', तुम्ही 'चेते'. हा 'चु' स्वभावाने लाजाळू आहे. वाक्यात पहिल्या पाटावर कधी बसत नाही. पुढे दुसरं कोणी बसलं, की हा त्याच्या मांडीला मांडी लावून बसतो. 'दोची' म्हणजे येणे, 'दोची चु' म्हणजे मी येईन. काही क्रियापदं त्याला जागा द्यायला आपलं शेपूटही आवरून घेतात. 'कुहाती' म्हणजे स्वयंपाक करणे, पण मी स्वयंपाक करीन, 'कुहात चु'. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना जागा करून देत बसलो असल्यामुळे मला हा प्रकार आवडला. अमरावतीच्या घरात मी एकटाच कूलरला, तुळशीला, दुधाच्या पातेल्याला भविष्य सांगत फिरू लागलो. माझी मोठी बहीण अकोल्याहून सोबतीला येऊन राहिली होती. ती दाराआडून बघायची आणि माझ्या चहात साखर वाढवायची.

दर रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल येतो. एका रविवारी व्याहीणबाई समोर आल्या आणि म्हणाल्या, 'होचेते ली दोची?' तुम्ही याल का?

आता आमच्याकडे बोलावणाऱ्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. वरूडचं लग्न आणि बार्शीटाकळीचं लग्न एकाच मुहूर्तावर असलं तरी दोघांनाही 'येऊ ना!' म्हणायचं असतं. बोलावणारा खूश, आपण मोकळे. कोणी पानं मोजून ठेवत नाही. तेव्हा मी अगदी सहज म्हणालो, 'दोची चु.' त्या एवढ्या खुलल्या, की पुढचंही मला थांबवता येईना. राहाल का? ओस्तात चु. आमचं जेवाल का? येस्त चु. त्यांनी एक वांगं उचलून दाखवलं आणि कढईत काही परतल्यासारखा हात फिरवला. कुहात चु!

बुधवारी मुलीचा फोन. "बाबा, तुम्ही येताय?"

"का गं?"

"इकडच्या आईंनी खोली रंगवायला काढली. पलंग आणला. तुम्ही वांग्याची भाजी करणार म्हणून वरच्या मजल्यावरच्या दोन बायकांना जेवायला सांगून ठेवलंय."

"अगं, मी आपलं... म्हणतात तसं म्हटलं."

"इथे म्हणतात तसं नसतं, बाबा." तिने आवाज खाली आणला. "येणार नसाल तर तुम्हीच सांगा त्यांना. मला नाही सांगता येणार."

मला जायचं नव्हतं. ही गेल्यापासून मी अकोल्याच्या पुढे गेलो नव्हतो, आणि तिला जायचं होतं तिथे तिच्याशिवाय जाणं मला नकोच होतं. म्हणून नकार शिकायला बसलो. नकाराला लाज नसते. तो आपला पहिल्या पाटावर येऊन बसतो : 'नेचु दोची.' नाही येणार.

शनिवारी ताई म्हणाली, "मी व्याहीन बनतो. मले बोलून दाखव."

"नेचु दोची."

"कावून?"

"'कावून'चा धडा नाई आला अजून."

"मंग आपल्या भाषेत सांग. व्याहीन इचारून राहिली, कावून नाई येत?"

"घर कोन पाहीन?"

"घर काय पयून जाते? मी हावो ना."

"बायंतपनात मानसाचं काय काम हाये, ताई?"

"वांग्याची भाजी कर ना बाप्पा! दोन बाया जेवाले येऊन राहिल्या तुह्यापाई."

ही उभी राहायची त्या ओट्याकडे मी बघितलं. मग म्हणालो, "तिथी हे नसन, ताई."

"मंग इथी हाये काय?"

ताईने डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच पुन्हा व्याहीण होऊन म्हणाली, "हं, सांगा व्याहीबुवा. तिखट किती आनता?"

रविवारी कॉल लागला. मी 'नेचु' जिभेवर ठेवूनच बसलो होतो. व्याहीणबाईंनी खोली फिरून दाखवली. भिंती फिक्या हिरव्या, पलंगावर घडी घातलेली गोधडी. त्यांच्या मागे माझी मुलगी खुर्चीवर बसून बाळाच्या टोप्यांच्या घड्या करत होती. टोपी उलगडायची, पुन्हा घडी करायची. फोनकडे एकदाही बघत नव्हती. बाईंनी पुन्हा तेच विचारलं.

"दोची चु," मी म्हणालो.

मुलीने मान वर केली. "बाबा, हे क्रोएशियन 'येईन' आहे, की वऱ्हाडी 'येऊ ना'?"

"क्रोएशियन."

ती फोनजवळ आली. मग नाक पुसत, तिची आई माझ्याशी बोलायची अगदी त्याच आवाजात म्हणाली, "मग जाड स्वेटर घ्या. तुमचा तो बाह्यांना भोकं पडलेला नको."

"आन तिखट?" मागून ताई ओरडली. "इचार तिले, तिखट दोन किलो पुरीन काय?"