धरणाच्या दारावरचा पहारेकरी

हेडबाईंनी जन्मात कधी शाळेत शिकवलं नाही. त्या कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होत्या, आणि त्या तिथे नेमकं काय करतात हे त्यांच्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. नवऱ्याला कळलं होतं, पण दुसऱ्याला समजावता येत नव्हतं. कोणी विचारलंच तर तो म्हणायचा, "जग बुडाल्यावर कोण कोणाशी कसं वागेल, ते ही बघते." ऐकणारा मान डोलवायचा आणि दुसरा विषय काढायचा.

कंपनीचा एकच गेम नावारूपाला आला होता. त्यात एका महाभयंकर आगीत सगळं जग जळून गेलेलं असतं. त्या आगीला 'जळीत' म्हणायचं. उरलीसुरली माणसं टोळ्या करून राहतात. जुन्या धरणाला धरून बसलेले ते पाणीवाले. जळक्या शहरांतून लोखंड उकरून काढणारे ते राखवाले. प्रत्येक टोळीचे कायदे वेगळे, शपथा वेगळ्या, मेलेल्या माणसाला निरोप द्यायची तऱ्हा वेगळी. गेम लिहिणारे आणि चित्रं काढणारे मात्र सारखे बदलत राहायचे. नवा माणूस यायचा आणि पहिल्याच आठवड्यात पाणीवाल्यांच्या घरात चूल पेटवून मोकळा व्हायचा. मग हेडबाई चष्मा कपाळावर सरकवून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहायच्या.

"पाणीवाले आग पेटवत नाहीत. जळितात त्यांची घरं गेली. ते गार खातात."

"अहो, पण मला थंडी दाखवायची आहे."

"मग गोधड्या दाखवा."

असे सगळ्यांचे कान उपटून उपटून त्यांचं नाव हेडबाई पडलं. नाव त्यांना आवडत नव्हतं, पण ते ठेवणाराही केव्हाच नोकरी सोडून गेला होता, तेव्हा तक्रार करायची कोणाकडे?

अलीकडे हेडबाई थकल्या होत्या. पाठ दुखायची, डोळे चुरचुरायचे, ते होतंच. पण खरा थकवा वेगळा होता. जे जग कुठेच नाही त्याची इतकी वर्षं राखण करायची, आणि तीसुद्धा ज्यांनी ते बनवलं त्यांच्यापासूनच, याचा त्यांना वीट आला होता. कधीकधी दुपारी चहाच्या मशीनपाशी उभं राहून त्यांना वाटायचं, पेटवू देत चुली. आपल्या बापाचं काय जातं? मग कप तसाच ठेवून त्या पुन्हा कोणाच्या तरी खुर्चीमागे जाऊन उभ्या राहायच्या. स्वभावाला औषध नसतं हे खरं.

गेमच्या तिसऱ्या भागाचं काम सुरू होतं आणि घोडं पेंड खात होतं ते समेटापाशी. पाणीवाले आणि राखवाले यांचं वैर पहिल्या भागापासून चालत आलेलं. दुसऱ्या भागात तर दुसरं काही नव्हतंच, नुसती मारामारी. नव्या मॅनेजरांना वाटत होतं की लोक आता लढून कंटाळलेत, शेवटी खेळणाऱ्याला या दोघांत समेट घडवून आणता यायला हवा. कल्पना वाईट नव्हती. पण अर्धवट तयार गेम खेळून बघायला काही मंडळी बोलावली होती, ती समेटाच्या प्रसंगाला चक्क हसली. एक जण म्हणाला, "राखवाल्यांनी पाणीवाल्यांची अख्खी वाडी जाळली, पोरंबाळं मारली, आणि आता म्हणे झालं गेलं विसरून जाऊ. कसं काय?"

हेडबाईंनाही ते पटत नव्हतं.

मॅनेजरांनी त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कायम कुठेतरी जायचं असायचं. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "बाई, शुक्रवारपर्यंत समेट पटेल असा करा. नाहीतर मी पाणीवाले या भागातून काढून टाकतो. कुठेतरी निघून गेले असं दाखवू. दोन-दोन टोळ्या पोसणं मला आता जमणार नाही."

"काढून टाकू नका," हेडबाई म्हणाल्या. कारण मात्र त्यांनी सांगितलं नाही.

कारण होते काका. हेडबाईंच्या वडिलांचे धाकटे भाऊ. उभी हयात टपाल खात्यात गेली, पण जीव सगळा हौशी नाटकांत. गेमचा पहिला भाग बनत होता तेव्हा कंपनी एवढीशी होती आणि आवाज द्यायला नट आणायची ऐपत नव्हती. हेडबाईंनी काकांना गळ घातली. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि एकट्याने दोन्ही टोळ्या उभ्या केल्या. राखवाले बोलायचे तेव्हा घशात खडे असल्यासारखा आवाज, पाणीवाले बोलायचे तेव्हा मऊ, संथ, पोक्त माणसाचा. पुढे राखवाल्यांना दुसरे नट मिळाले. पाणीवाले मात्र काकांकडेच राहिले, पहारेकऱ्यापासून म्होरक्यापर्यंत सगळे. पहिल्या भागातला पहारेकरी आणि दुसऱ्यातला म्होरक्या, दोघांचा आवाज एकच कसा, म्हणून खेळणारे चेष्टाही करायचे.

आणि आता काकांच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी ऑपरेशन. स्वरयंत्र काढून टाकणार होते. काकांनी हे फोनवर स्वतःच सांगितलं, उद्या नळाला पाणी नाही असं सांगावं तसं. वर म्हणाले, "माझं या वेळचं काम आधी उरकून घे. काम आहे ना?"

"आहे की," हेडबाई म्हणाल्या होत्या.

पाणीवाले गेममधून गेले की काम गेलंच. आणि सोमवारनंतर ते काम कोणी परत आणलं असतं तरी उपयोग नव्हता. त्या आठवड्यात हेडबाईंना जेवण गोड लागलं नाही. त्यांनी समेट पाचसहा तऱ्हांनी जुळवून पाहिला. दोन्ही टोळ्यांवर तिसराच शत्रू आणला. एक लग्न लावलं. एक साथ पसरवली. कशालाच अर्थ नव्हता.

बुधवारी दुपारी त्या काकांकडे गेल्या. काका खिडकीपाशी बसले होते, गळ्याला मफलर. आवाज आधीच बसायला लागला होता. काकू शेजारी बसून हॉस्पिटलच्या पिशवीत काय काय घ्यायचं ते भरत होत्या, आणि भरलेलं पुन्हा काढत होत्या.

"मला एक सांग," काका म्हणाले. "या दोघांचं भांडण आहे कशावरून? मी एवढी वर्षं राखवाल्यांना शिव्या घालतोय, पण नटाला कारण माहीत हवं."

"त्यांनी वरची वाडी जाळली ना, काका. म्हणून पाणीवाले त्यांना पाणी देत नाहीत."

"ती का जाळली?"

"राखवाले क्रूर आहेत म्हणून."

"असं कोणी उगाच वाडी जाळत नाही. त्याच्या आधी काहीतरी झालं असणार. काय झालं?"

त्याच्या आधी काय झालं हे जगात फक्त हेडबाईंनाच माहीत होतं, आणि इतकी वर्षं त्या मूग गिळून बसल्या होत्या. पण त्यांना आता नवं काही रचायचं त्राण उरलं नव्हतं.

"काका, आधी काहीच झालं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आधी तुमची चूक झाली होती."

"माझी?"

"पाणीवाल्यांचा पहिला कायदा काय? तहानलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं नाही. मग तो कोणी का असेना. आणि पहिल्या भागात धरणाच्या दारावरचा तुमचा पहारेकरी राखवाल्यांना म्हणतो, 'तुमच्यासारख्यांना इथे पाणी नाही. चालते व्हा.' ते वाक्य त्याचं नव्हतंच. ते राखवाल्यांच्या पहारेकऱ्याचं होतं. तुमचे कागद वरखाली झाले आणि तुम्ही ते पाणीवाल्याच्या आवाजात वाचलंत. आणि ते तसंच गेममध्ये गेलं."

काका बघत राहिले. "मग मला परत बोलवायचंस. मी काय परदेशात होतो? दोन गल्ल्या सोडून तर राहत होतो."

"आले होते ना मी बोलवायला. तर तुम्ही टपाल ऑफिसातली सगळी मंडळी जमवून बसला होतात. सगळं कसं एका दमात केलं, पुतणीने एक ओळसुद्धा पुन्हा वाचायला लावली नाही, हे त्यांना सांगत होतात. माझ्या अगदी जिवावर आलं. तशीच परत गेले आणि त्या वाक्याला कारण शोधलं. वाडी जाळली."

काकूंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. काकांनी मफलर सैल केला.

"म्हणून तू एवढी माणसं मारलीस?" ते म्हणाले.

काकूंना हसू आवरेना. हेडबाईंना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पाणीवाल्यांच्या घरातल्या चुली विझवल्या होत्या, लेखकांशी भांडणं केली होती, आणि सगळ्या वैराच्या मुळाशी त्यांनीच घातलेलं ठिगळ होतं. काकांना वाईट वाटेल म्हणून त्या थांबल्या होत्या, आणि काका आता वाईट वाटलेल्या माणसासारखे दिसत नव्हते. ते विचार करत होते.

"मग तेच सांग की लोकांना," ते थोड्या वेळाने म्हणाले. "पहारेकरी चुकला. माणसं चुकतात."

परत जाताना हेडबाईंनी ते डोक्यात उलटसुलट करून पाहिलं. पहारेकऱ्याने राखवाल्यांच्या तहानलेल्या माणसांना लुटारू समजून हाकललं. ती माणसं वाटेत तडफडून मेली. मग राखवाल्यांनी वाडी जाळली. पाणीवाल्यांनी पोरांना वाडीची गोष्ट सांगितली, दारावरची लपवली. कायदा मोडल्याची लाज कोणाला सांगणार? आधीच्या दोन्ही भागांत याच्या विरुद्ध जाईल असं एक वाक्य कुठे आहे का, हे त्यांनी डोळ्यांत तेल घालून शोधलं. नव्हतं. वाडी दारावरच्या त्या वाक्याच्या आधी जळली असंही कुठे म्हटलेलं नव्हतं. उलट एक जुना प्रश्नही सुटत होता. पहारेकरी आणि म्होरक्या यांचा आवाज एकच, कारण माणूस एकच. दारावरचा तो पहारेकरीच म्हातारा होऊन म्होरक्या झाला होता. इतकी वर्षं ही गोष्ट पोटात घेऊन.

गुरुवारी तीच मंडळी पुन्हा आली. म्होरक्याचं बोलणं तात्पुरतं हेडबाईंनीच वाचून घातलं होतं, अगदी सपाट आवाजात. कोणी हसलं नाही. मागच्या वेळी हसलेला तो माणूस म्हणाला, "म्हणजे पहिल्या भागातला दारावरचा पहारेकरी तो हा?" आणि लगेच पहिला भाग लावून ते वाक्य पुन्हा ऐकायला लागला. मॅनेजर घड्याळ बघत आले होते, ते नंतर घड्याळ बघायचे विसरले.

शुक्रवारी काका आले. शर्ट इस्त्रीचा होता, पण गळ्यापाशी मोठा झाला होता. ध्वनिमुद्रणाच्या खोलीला आता जाड स्पंज लावलेल्या भिंती होत्या, पूर्वी तिथे जुनी ब्लँकेटं टांगलेली असायची. काकांनी ते बघून "प्रगती आहे" म्हटलं. आत जाण्यापूर्वी हेडबाईंच्या दंडाला धरून म्हणाले, "आज चुकलं तर सांगायचं. माझ्या तोंडाकडे बघत बसायचं नाही."

"सांगेन."

"माझी शपथ?"

"तुमची शपथ, काका."

काचेपलीकडे काका बसले. कानाला हेडफोन लावले, पाण्याचा घोट घेतला. काचेच्या या बाजूला साउंडवाला आणि हेडबाई. साउंडवाल्याने हात वर केला, आणि काका गेले कुठेतरी, आणि धरणाच्या दारावरचा म्हातारा बोलायला लागला.

"त्या दिवशी दारावर मी होतो. तुमची माणसं पाणी मागायला आली. मी त्यांना लुटारू समजलो. चालते व्हा म्हणालो. पुढे जे जळलं ते तुम्ही जाळलंत, पण पहिली काडी माझी होती. चुकलं माझं. ते तुम्हाला म्हणायचं नव्हतं."

बसलेल्या घशातून ते शब्द असे काही आले की साउंडवाल्याने बटणावरचा हात बराच वेळ उचलला नाही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. हेडबाईंनी या गेमसाठी आयुष्य घालवलं होतं, आणि त्यात यापेक्षा खरं काही त्यांनी ऐकलं नव्हतं.

काकांनी काचेतून मान वर केली. एका दमात सगळं करणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर पोरासारखी धाकधूक होती.

"काय ग, चालेल का?"

हेडबाईंनी माइकचं बटण दाबलं.

"नाही, काका. पुन्हा एकदा."

काका खूश झाले. पुतणीने शपथ पाळली होती. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, कागद सरळ केला आणि खाकरले.

साउंडवाला हळूच हेडबाईंकडे वळला. "बाई, उत्तम आलं होतं की."

"माहीत आहे मला," हेडबाई म्हणाल्या. "तुम्ही चालू ठेवा."