आधी पोराच्या सुरात

आमच्या वडिलांची शिवाजी पेठेत तालीम होती. मी त्यांचा थोरला मुलगा, आणि अंगाने शेवग्याची शेंग. घरात काय बोललं जात असेल ते सांगायला नको. दूध, बदाम, थंडाई सगळं माझ्या पोटात गेलं आणि पुढे कुठे गेलं ते कुणाला कळलं नाही. शेवटी मी गाणं शिकायला लागलो. संस्थान विलीन झालं तसे दरबारचे एक बुवा मोकळे झाले होते, ते शिकवण्या करायचे. काही वर्षं माझं ऐकून घेऊन ते म्हणाले, "तुला कान आहे. गळ्याचं काही खरं नाही. तू मास्तर हो."

वडिलांना सांगितलं. "गाण्याचा मास्तर? ह्ये बी काम असतंय व्हय?" म्हणाले आणि जोर काढायला निघून गेले.

शाहूपुरीतल्या एका शाळेने मला तात्पुरतं लावून घेतलं. तिथले हेडमास्तर स्वतः पेटी वाजवायचे, आणि स्वतःविषयी त्यांचा फार चांगला समज होता. ते फक्त काळी चार या पट्टीत वाजवायचे, कारण दुसऱ्या कुठल्या पट्टीत त्यांची बोटं चालत नसत. म्हणून साऱ्या शाळेची पट्टी काळी चार. ज्या पोरांचा आवाज तिथवर चढायचा नाही ती बेसूर. त्यांना गाण्याच्या तासाला मैदानावर गवत उपटायला पाठवायचे. मैदान मात्र झकास राखलं होतं.

पहिल्याच दिवशी हेडमास्तर म्हणाले, "निवडक पोरं घ्या, मास्तर. स्नेहसंमेलनात स्वागतगीत चांगलं झालं की तुम्हाला कायम करतो." कायम व्हायचं माझ्या फार मनात होतं. तालमीच्या दारात लोक वडिलांना विचारायचे, "वस्ताद, थोरलं काय करतंय?" वडील म्हणायचे, "हाय घरात." त्या 'हाय घरात'चा मला असा संताप यायचा की जेवण जायचं नाही.

तरीपण गवत उपटणारी पोरं मी आत बोलावली. मोठा विचार वगैरे काही नव्हता, लहानपणापासून बघितलं होतं तेवढंच मला येत होतं. तालमीत आलेलं पोर वडिलांनी कधी परत धाडलं नाही. हातापायाच्या काड्या असोत, नाक गळत असो. नवं पोर आलं की हा एवढा धिप्पाड माणूस कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरायचा, त्याच्याशी झोंबायचा, आणि थोड्या वेळाने आपण होऊन पाठीवर पडायचा. पोर छातीवर बसून हसायचं. "आदी त्येला पाडल्याची चव कळू द्या," वडील म्हणायचे, "डाव मागनं." मीही त्यांना पुष्कळदा पाडलं. मला चव लागली नाही ती गोष्ट वेगळी.

माझ्या वर्गात मलकापूरकडचं एक शेतकऱ्याचं पोर होतं, मामाकडे शिकायला राहिलेलं. गाणं म्हण म्हटलं की पायाकडे बघायचं. "मला येत न्हाय की, गुर्जी. मी आपला गवात काढतो."

मी म्हटलं, "गाऊ नकोस. गुरांना हाळी घालतोस तशी घाल."

त्याने घातली. काळी चारच्या बरीच खाली होती. मी पेटीवर तो सूर शोधला, तोच सा धरला आणि त्याच्या आवाजात माझा आवाज मिसळला. पोरगं दचकलं. मास्तर आणि आपण एकाच जागी आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. मग मी हळूच रे लावला. आला मागोमाग. ग लावला. आला की! "अरे आला, आला!" मी कुस्ती झाल्यासारखा ओरडलो. शेजारच्या वर्गाचे मास्तर धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला.

संमेलनापर्यंत सगळा वर्ग त्याच खालच्या पट्टीत गायला लागला. मी हेडमास्तरांना म्हटलं, पोरांना हळूहळू वर नेऊ, यंदा एवढं चालवून घ्या. ते म्हणाले, "पट्टी मी देणार. आणि त्या मलकापूरवाल्याला सांगा, नुसते ओठ हलव."

संमेलनाला पोरं मंचावर उभी राहिली. ते पोरगं पुढच्या रांगेत, नवा सदरा घालून. मी त्याच्याजवळ गेलो तो ओठांचं सांगायलाच. त्यानेच विचारलं, "गुर्जी, आपलाच सा न्हवं?"

आता काय सांगणार, कपाळ! म्हटलं, "आपलाच."

हेडमास्तरांनी काळी चार दाबली. मी पोराच्या सुरात सुरुवात केली, मोठ्याने. पोरं माझ्यामागे आली. गाणं एकीकडे, पेटी एकीकडे. हेडमास्तरांना घाम फुटला, पण थांबतील तर शपथ. शेवटच्या कडव्यापर्यंत एकटेच काळी चारमध्ये होते. पाहुणे छताकडे बघत बसले. मलकापूरचं पोरगं मात्र तोंड भरून गात होतं, आणि सुरात होतं. देवाशपथ, पुरतं सुरात होतं.

उद्यापासून येऊ नका, असं हेडमास्तरांनी मला मंडपातच सांगितलं. बाहेर आलो तर वडील उभे, फेटा बांधून. ते येणार हे मला ठाऊक नव्हतं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

"नोकरी गेली," मी म्हटलं.

"बघितलं की. चारी मुंड्या चीत झालास." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "फुडच्या रांगेतलं त्ये नव्या सदऱ्याचं पोरगं. त्येच्यासाठी पडलास न्हवं?"

"व्हय."

"मग बराबर पडलास. तालमीची माडी मोकळीच हाय. उद्यापासनं पोरं तितं आण. आनि कुनाला परत धाडायचं न्हाय."

सकाळी मी पेटी घेऊन माडीचा जिना चढत होतो. खाली दारात कुणीतरी सवयीने विचारलं, "वस्ताद, थोरलं काय करतंय?"

"मास्तर हाय," वडील म्हणाले, आणि हौद्यात उतरले.